पावसात चालणारा आर्कालुडन: डबल्ससाठी तयारी

पोकेमॉन खेळात दोन विरुद्ध दोन लढायचं (डबल्स), तर आर्कालुडन कसा तयार करायचा ते बघू. ड्युरालुडन या पोकेमॉनवर मेटल अलॉय ही वस्तू वापरली की तो लगेच आर्कालुडन होतो, लेव्हलची अट नाही. त्याआधी ॲबिलिटी (पोकेमॉनचा अंगभूत गुण) बघून घ्या. लाइट मेटलचा स्टॅमिना होतो, हेवी मेटलचा स्टर्डी. आपल्याला स्टॅमिना हवा, कारण प्रत्येक फटक्यागणिक डिफेन्स एक टप्पा चढतो. स्टर्डीवाला हाती आला असेल तर ॲबिलिटी कॅप्सूलने बदला.

सगळा खेळ इलेक्ट्रो शॉट या मूव्हचा आहे. पॉवर 130, अचूकता 100. एरवी पहिल्या टर्नला चार्ज होऊन स्पेशल अटॅक एक टप्पा वाढतो आणि मारा दुसऱ्या टर्नला होतो. पावसात दोन्ही त्याच टर्नला, आणि तो मारा वाढलेल्या स्पेशल अटॅकने बसतो. समोरच्याने प्रोटेक्ट (मारा अडवणारा मूव्ह) लावला तरी वाढ पदरात पडतेच. पाऊस नसताना मात्र चार्ज करत बसू नका, तेवढ्यात समोरच्याला एक टर्न फुकट मिळतो.

पावसासाठी ड्रिझलवाला (उतरताच पाऊस पाडणारा) पेलिपर घ्या. पाऊस 5 टर्न टिकतो, डॅम्प रॉक दिल्यास 8. टेलविंड (आपल्या बाजूचा वेग वाढवणारा) आणि वाइड गार्ड (एकदम अनेकांवर होणारे मारे अडवणारा) त्याला शिकवाच. वाइड गार्डमुळे अर्थक्वेक अडतो.

आर्कालुडनला असॉल्ट व्हेस्ट (स्पेशल डिफेन्स दीडपट करणारी वस्तू) द्या. मॉडेस्ट नेचर (स्पेशल अटॅक वाढवणारा स्वभाव), इव्ही (सरावाचे गुण) एचपीत 252, स्पेशल अटॅकमध्ये 252, स्पेशल डिफेन्समध्ये 4. लेव्हल 50 ला एचपी 197, स्पेशल अटॅक 194 येतो. मुळातला 65 बेसचा स्पेशल डिफेन्स फारच तोकडा, तो व्हेस्टमुळे 86 वरून 129 होतो. बाकीचे मूव्ह फ्लॅश कॅनन, ड्रॅगन पल्स आणि बॉडी प्रेस. बॉडी प्रेसचं नुकसान डिफेन्सवरून मोजलं जातं, त्यामुळे मार खाल्लेला आर्कालुडन उलट जास्त जोरात मारतो आणि इंटिमिडेटचा (समोरच्याचा अटॅक उतरवणारी ॲबिलिटी) त्यावर परिणाम होत नाही. ड्रॅको मिटिअर टाळा, तो स्पेशल अटॅक दोन टप्पे खाली आणतो आणि इलेक्ट्रो शॉटची कमाई जाते.

फायर, आइस, ड्रॅगन, फेअरी या प्रकारांचा मार साधाच बसतो. दुप्पट बसतो तो फायटिंग आणि ग्राउंडचा. म्हणून टेरा (लढाईत स्वतःचा प्रकार बदलणं) फ्लाइंग: ग्राउंड लागतच नाही, फायटिंग निम्मं. क्रिटिकल हिट मात्र वाढलेला डिफेन्स जुमानत नाही. उर्शिफूचा पाण्याचा मूव्ह सर्जिंग स्ट्राइक्स दरवेळी क्रिटिकल असतो आणि पावसात त्याचाही जोर वाढतो, तेव्हा तिथे स्टॅमिनाच्या भरवशावर राहू नका. लाइटनिंग रॉडवाला समोर असेल तर आधी त्याला पाडा, इलेक्ट्रो शॉट तो स्वतःकडे ओढून घेतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो हवामानात. दोघंही हवामान लावणारे एकदम उतरले तर हळू असलेल्याचं हवामान टिकतं, कारण त्याची ॲबिलिटी नंतर चालते. पेलिपरचा बेस स्पीड 65, ऊन लावणाऱ्या नाइनटेल्सचा 100, म्हणजे तिथे पाऊस आपलाच. ऊन लावणाऱ्याच टॉर्कोलचा 20, तिथे ऊन पडणार. टॉर्कोल दिसला की पेलिपर मागे ठेवा, आणि टॉर्कोल मैदानात आल्यावर पेलिपरला बदलून आत आणा.