ब्रूने टाकलेलं सॉफ्टवेअर मॅकमध्ये जातं तरी कुठे?

ब्रू, म्हणजे होमब्रू, हे मॅकच्या टर्मिनलमध्ये कमांड देऊन सॉफ्टवेअर टाकायचं साधन. ब्रू इन्स्टॉल मारलं, पाच मिनिटं अक्षरं धावली, शेवटी तो बिअरचा मग उमटला म्हणजे झालं सगळं, आणि मग कुठलं तरी दुसरंच ॲप विचारतं की एफएफएमपेगचा (हा व्हिडिओ-ऑडिओवर काम करणारा प्रोग्रॅम) पाथ, म्हणजे मशीनमधला पत्ता, द्या. ॲप्लिकेशन्समध्ये बघितलं तर नाही, स्पॉटलाइटमध्ये शोधलं तर नाही, फाइंडरमध्ये तर ते फोल्डरच दिसत नाही. माझ्या मेहुण्याचा परवा रात्री साडेदहाला याचसाठी फोन आला आणि फोनवर सगळं सांगताना लक्षात आलं की हे एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

आधी एक गोष्ट. कमांड मी इथे फोनवर सांगितल्यासारख्या देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. आडव्या रेघा, तिरक्या रेघा जशा दिसतायत तशाच.

पहिली कमांड ही: ब्रू --प्रीफिक्स. एंटर. जे उत्तर येईल ते ब्रूचं घर. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा, म्हणजे एम१ किंवा त्यानंतरचा मॅक असेल तर /ऑप्ट/होमब्रू येतं, जुना इंटेलवाला असेल तर /यूएसआर/लोकल, आणि लिनक्सवर ब्रू टाकलं असेल तर /होम/लिनक्सब्रू/.लिनक्सब्रू. नेटवरचे निम्मे जुने लेख /यूएसआर/लोकल गृहीत धरूनच लिहिलेले आहेत, कारण होमब्रू आलं २००९ मध्ये आणि ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक काढले २०२० च्या शेवटी, तोपर्यंत मॅकवर दुसरी ठरलेली जागा नव्हतीच. त्यामुळे लेखातला पाथ कॉपी करून "अशी फाइलच नाही" असं आलं तर तुमचं काही चुकलेलं नाही, आधी प्रीफिक्स बघा.

आता मुख्य घोळ. व्हिच एफएफएमपेग असं विचारलंत तर उत्तर येतं /ऑप्ट/होमब्रू/बिन/एफएफएमपेग, आणि माणूस खुश होतो की सापडलं. पण ती फक्त पाटी आहे हो, दुकान आत गल्लीत आहे. एलएस -एल लावून तोच पाथ द्या, मग ओळीच्या शेवटी एक बाण दिसेल आणि बाणाच्या पुढे खरी जागा, म्हणजे सेलर नावाच्या फोल्डरमध्ये, त्यात एफएफएमपेग, त्यात व्हर्जनचा नंबर, त्यात बिन, आणि त्यात तो प्रोग्रॅम. याला सिमलिंक म्हणतात. ब्रू प्रत्येक पॅकेज त्याच्या व्हर्जनसकट सेलरमध्ये वेगळं ठेवतं आणि बिनमध्ये नुसत्या पाट्या लावतं, त्यामुळे अपग्रेड झालं की पाटीचा बाण नव्या व्हर्जनकडे वळवला की काम झालं. (सेलर म्हणजे तळघर, त्यातलं एकेक पॅकेज म्हणजे केग, पिंप, आणि तयार बांधून येतं ती बॉटल. ज्याने नावं ठेवली तो बिअरवर मनापासून प्रेम करणारा असणार, पण एकदा ही उपमा डोक्यात बसली की सगळी रचना लक्षात राहते.)

पॅकेजच्या सगळ्याच फायली बघायच्या असतील तर ब्रू लिस्ट एफएफएमपेग. नुसतं ब्रू लिस्ट म्हटलं तर मशीनवर काय काय आहे त्याची यादी येते, पुढे नाव दिलं तर त्या एका पॅकेजने कुठे काय टाकलंय ते येतं. ब्रू इन्फो पण चालतं, त्यात व्हर्जन आणि जागा दिसतेच पण खाली "कॅव्हिएट्स" म्हणून एक भाग असतो जो कोणीच वाचत नाही, आणि अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिथेच लिहिलेली असतात.

मग दुसऱ्या ॲपला पाथ कुठला द्यायचा? सेलरमधला तर अजिबात देऊ नका. मी एकदा एका स्क्रिप्टमध्ये व्हर्जन नंबरसकट सेलरचा पाथ टाकून ठेवला होता, महिन्याभराने ब्रू अपग्रेड मारलं, ब्रूने नवीन आणलं आणि जुनं साफ करून टाकलं, आणि स्क्रिप्ट गपचूप मेली. दोन तास मी स्क्रिप्टमध्येच चूक शोधत बसलो. बिनमधला पाथ द्या, किंवा लायब्ररीसारखं (दुसऱ्या प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड) काही हवं असेल तर ऑप्टमधला: /ऑप्ट/होमब्रू/ऑप्ट/ आणि पुढे पॅकेजचं नाव. हो, ऑप्ट दोनदा येतं, ती टायपिंगची चूक नाही. ही पण पाटीच, पण सध्याच्या व्हर्जनकडे बोट दाखवणारी, त्यामुळे अपग्रेड झालं तरी टिकते. पाथ पाठ करायचा नसेल तर ब्रू --प्रीफिक्स आणि पुढे पॅकेजचं नाव टाका, हाच पाथ छापून मिळतो. फक्त जपून, पॅकेज इन्स्टॉल केलेलं नसलं तरी ही कमांड पाथ देते, म्हणजे "असतं तर इथे असतं" अशा थाटात. खरंच आहे का ते बघायचं तर मध्ये --इन्स्टॉल्ड पण टाका.

काही पॅकेज असतात ज्यांची बिनमध्ये पाटी लावलेलीच नसते. उदाहरणार्थ कर्ल, नेटवरून फायली उतरवायचा प्रोग्रॅम. मॅकबरोबर कर्ल आधीच येतं, मग ब्रूने स्वतःचं पुढे केलं तर भांडणं नकोत म्हणून ते तळघरातच ठेवतात, याला केग-ओन्ली म्हणतात. म्हणून ब्रू इन्स्टॉल कर्ल केल्यावरही व्हिच कर्ल /यूएसआर/बिन/कर्ल असंच सांगतं आणि आपल्याला वाटतं इन्स्टॉल झालंच नाही. झालंय, ऑप्टमधल्या त्याच्या बिनमध्ये बघा.

मेहुण्याची खरी भानगड मात्र वेगळीच निघाली. त्याने जुन्या इंटेल मॅकवरून सगळं मायग्रेशन असिस्टंटने नव्या एम-चिपवाल्या मॅकवर आणलेलं, त्यात जुनं ब्रूसुद्धा /यूएसआर/लोकलमध्ये जसंच्या तसं आलं, वर त्याने नवीनही टाकलं, म्हणजे एका घरात दोन चुली. हे ओळखायला टाइप -ए ब्रू मारा. दोन ओळी आल्या की समजायचं दोन ब्रू आहेत आणि वर जी ओळ आहे तीच चालतेय. त्याच्याकडे वर जुनीच होती, त्यामुळे सगळं रोझेटामधून, म्हणजे इंटेलचे प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवणाऱ्या ॲपलच्या दुभाष्यातून, चालत होतं आणि तो म्हणतोय नवा मॅक स्लो आहे! एखादा प्रोग्रॅम कुठल्या चिपचा आहे ते फाइल ही कमांड सांगते, फाइल आणि पुढे खरा पाथ, पाटीचा नाही. एआरएम६४ आलं तर ठीक, एक्स८६ आलं तर तो जुना इंटेलवाला.

उपाय सोपा. नवीन ब्रू इन्स्टॉल होताना शेवटी "नेक्स्ट स्टेप्स" म्हणून दोन-तीन ओळी छापतं, ज्यात ब्रू शेलएन्व्ह असं येतं, त्या जशाच्या तशा चालवायच्या, म्हणजे ते होम फोल्डरमधल्या .झेडप्रोफाइल फाइलीत लिहिलं जातं आणि नवीन जागा पाथमध्ये (इथे पाथ म्हणजे टर्मिनल ज्या जागांवर कमांड शोधतं त्यांची यादी) पुढे येते. मग टर्मिनल बंद करून परत उघडा. जुन्या ब्रूला पूर्ण पाथने हाक मारून ब्रू लीव्ह्ज चालवा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या पॅकेजला लागत नाहीत अशा पॅकेजची यादी मिळते, आपोआप आलेली पिलावळ त्यात सहसा नसते, आणि त्यातली हवी तेवढीच नव्यात टाका. पण जुनं काढायचं म्हणून अख्खं /यूएसआर/लोकल उडवू नका, तिथे इतर सॉफ्टवेअरसुद्धा आपलं सामान ठेवतात. होमब्रूची स्वतःची अनइन्स्टॉल स्क्रिप्ट आहे, ती वापरा.

व्हीएलसीसारखी खिडकीवाली ॲप ब्रूने टाकलीत तर ती कास्क, आणि ती सरळ ॲप्लिकेशन्समध्येच जातात. कास्करूम नावाचं फोल्डर प्रीफिक्समध्ये असतं पण तिथे मुख्यतः ब्रूचा हिशेब.

सेटिंगच्या फायली आणि डेटा सेलरमध्ये शोधत बसू नका. सेटिंग प्रीफिक्समधल्या ईटीसी फोल्डरमध्ये, उदाहरणार्थ एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फ फाइल तिथेच एन्जिनएक्स फोल्डरमध्ये मिळेल, आणि डेटा व्हार फोल्डरमध्ये, मायएसक्यूएलचे सगळे डेटाबेस व्हार/मायएसक्यूएलमध्ये. ब्रू अनइन्स्टॉलने पॅकेज काढलं तरी हे मागे राहतं, जे कधी जीव वाचवतं आणि कधी "परत इन्स्टॉल केलं तरी तोच एरर का" म्हणून डोकं खातं.

डिस्क भरली म्हणून हे वाचत असाल तर ब्रू --कॅश मारून बघा, उतरवलेल्या फायली होम फोल्डरमधल्या लायब्ररी/कॅशेस/होमब्रूमध्ये साठलेल्या असतात. ब्रू क्लीनअप -एन म्हटलं तर काय काय उडेल ते नुसतं दाखवतं, पटलं तर -एन काढून परत चालवा. सेलरमधली फोल्डरं हाताने कचऱ्यात टाकायची नाहीत, पाट्या तशाच लटकत राहतात आणि मग ब्रू डॉक्टर तुम्हाला यादी वाचून दाखवतो.

आणि हे सगळं डोळ्यांनी फाइंडरमध्येच बघायचं असेल तर कमांड, शिफ्ट आणि जी एकदम दाबा, पाथ टाका, एंटर. किंवा टर्मिनलमधूनच ओपन /ऑप्ट/होमब्रू. ब्रूऐवजी उबुंटूवर तिथलं सॉफ्टवेअर टाकायचं साधन, एपीटी, वापरणाऱ्यांनी डीपीकेजी -एल आणि पॅकेजचं नाव टाकायचं, तो एल कॅपिटल, छोटा टाकलात तर फायलींऐवजी पॅकेजची माहिती येते. आणि उलटं, म्हणजे हातात फाइल आहे पण कुठल्या पॅकेजने टाकली ते शोधायचं असेल तर डीपीकेजी -एस आणि फाइलचा पाथ, तो एसही कॅपिटलच.