जुन्या फोटोंचा स्कॅनिंग दिवस : इतिहास मंडळासाठी तयारीची यादी

तारीख ठरवण्याआधी मंडळाच्या बैठकीत एक गोष्ट पक्की करून घ्या: मूळ वस्तू आपण ठेवून घ्यायची नाही. माणूस समोर बसलेला असतानाच त्याचे फोटो आणि कागद स्कॅन व्हायचे आणि त्याच्याच पिशवीतून घरी परत जायचे. पत्रकावर हे वाक्य सगळ्यांत वर छापा, नाहीतर लोक ट्रंकेचं कुलूप काढायचेच नाहीत.

मग वेळेचं गणित. एका माणसाच्या दहा वस्तूंना नोंदीसकट साधारण २० मिनिटं धरा. म्हणजे एका स्कॅनरवर तासाला तीन माणसं, पाच तासांत पंधरा. दोन स्कॅनर असतील तर तीस जणांना आधी वेळ देऊन बोलवा आणि प्रत्येकी दहाच वस्तूंची मर्यादा घाला. ‘सगळा अल्बम घेऊन या’ असं सांगितलं, की दुपारपर्यंत रांग दाराबाहेर जाते आणि घाईत पहिली काट बसते ती नोंदींना.

स्कॅनर सपाट काचेचाच हवा. कागद आपोआप आत ओढणारा मुळीच नको, कारण जुना ठिसूळ कागद रोलरमध्ये अडकला तर फाटतोच. काच पुसताना द्रव कापडावर घ्या, थेट काचेवर फवारलात तर तो कडेनं आत झिरपतो. फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला टिपायचे ठिपके), कागद ४०० ला. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. पिवळेपणा, शिक्का, शाईची खूण हीसुद्धा माहितीच आहे. ‘आपोआप सुधारणा’ आणि ‘धूळ काढा’ हे पर्याय बंद ठेवा, सुधारणा नंतर प्रतीवर करता येते. मूळ फाइल टिफमध्ये (सगळा तपशील राखणारा, मोठ्या फाइलचा प्रकार) जपा, वाटायला जेपेग (लहान फाइलचा प्रकार) काढा. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला साधारण २६ एमबीचा होतो; तीस जणांचं काम, मागच्या बाजू धरून, पंधरा-वीस जीबीपर्यंत जाईल. डिस्कवर त्याच्या दुप्पट जागा मोकळी ठेवा.

टेबलं तीन लागतील: नोंद, स्कॅनिंग आणि परतीची तपासणी. टेबलाच्या वरचा पंखा बंद, खिडकीतलं ऊन अडवलेलं, चहा-पाणी दुसऱ्या खोलीत. पेन कुणाच्याच हातात नको, फक्त पेन्सिली. कागद हाताळायला साबणानं धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. सुती हातमोज्यांत बोटांना अंदाज राहत नाही आणि कागदाची कड फाटते. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र नायट्राइलचे (पातळ कृत्रिम रबराचे) हातमोजे ठेवा, बोटांचा तेलकटपणा त्यांवर कायमचा उमटतो.

अडचणीच्या वस्तू येणारच. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो उपसू नका. वरची पारदर्शक पट्टी सहज सुटत असेल तर उचला आणि अख्खं पानच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढला तर प्रतिमेचा थर काचेवरच राहतो, म्हणून त्याचा काचेसकट कॅमेऱ्यानं फोटो घ्या: कॅमेरा फोटोला समांतर, दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, कडेला मोजपट्टी. जाड वही स्कॅनरवर दाबू नका, पाठ तुटते. दोन्ही बाजूंना उशा लावून ती निम्मीच उघडा आणि वरून फोटो काढा. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती वेगळी ठेवा, फिल्म सडू लागल्याची ती खूण आहे. आणि लॅमिनेशन करायला निघालेल्याला तिथेच थांबवा, ते पुन्हा काढता येत नाही.

सगळ्यांत जपायचं ते नोंदीचं टेबल. तिथे गावाची जुनी घरं-माणसं ओळखणारा, शांतपणे ऐकून घेणारा माणूस बसवा. नावाशिवायच्या फोटोचं स्कॅन कितीही सुरेख झालं, तरी दहा वर्षांनी तो कुणाच्याच कामाचा उरत नाही. आधी फोटो उलटा करून पाहा. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीची पुसट ओळ असेल तर तीही बाजू स्कॅन करा. मग विचारा: डावीकडून उजवीकडे कोण कोण, जागा कुठली, साल कुठलं, आणि फोटो तुमच्याकडे आला कसा. साल आठवत नसेल तर ओढूनताणून काढू नका. ‘धाकट्या आत्याच्या लग्नाआधीचा’ ही नोंद अंदाजानं टाकलेल्या सालापेक्षा खरी असते. कागदावरची तारीख वेगळ्या कालगणनेतली असेल तर आधी जशीच्या तशी उतरवा, रूपांतर शेजारी वेगळं लिहा.

क्रमांक असा द्या: वर्ष, माणूस, वस्तू, म्हणजे २०२६-०१४-०३. आधीची शून्यं गाळू नका, नाहीतर संगणक दहाला दोनच्या आधी बसवतो. संमतीपत्राच्या दोन प्रती करा आणि संग्रहात ठेवणं, प्रदर्शनात लावणं, इंटरनेटवर टाकणं यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवा. बरेच जण पहिल्या दोहोंना होकार देतात, तिसऱ्याला देत नाहीत. फोटो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच त्याचा स्वामित्वहक्क असेल असं नाही, म्हणून फोटो कुणी काढला हेही त्यातच लिहून घ्या.

परतीच्या टेबलावर वस्तू मालकासमोर मोजून सही घ्या. दर तासाला स्कॅन दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि दोन-चार फाइल उघडून पाहा. संध्याकाळी एक डिस्क मंडळात, दुसरी वेगळ्या घरी. तिसरी प्रत आठवड्याच्या आत क्लाउडवर.

महिनाभरात प्रदर्शन लावा, तेही छापलेल्या प्रतींचंच, म्हणजे उजेडाची चिंता राहत नाही. न ओळखलेल्या सामूहिक फोटोंना वेगळी भिंत द्या. ट्रेसिंग पेपरवर डोक्यांच्या बाह्यरेषा काढून प्रत्येक डोक्यात आकडा घाला, शेजारी तेच आकडे छापलेला कोरा तक्ता लावा आणि पेन्सिल दोरीनं बांधून ठेवा. एकाच आकड्यापुढे दोन नावं आली तर दोन्ही ठेवा आणि कुणी सांगितली तेही लिहा.