सेरेंगेटी आणि झांझिबार एकत्र करताय? दिवस ठरवताना या चुका टाळा

टांझानियात, दार-एस-सलाममध्ये घर असलं की पाहुणे येणारच. येऊ देत. मला ताप होतो तो त्यांनी आधीच फोनवर पाठवलेल्या वेळापत्रकाचा. "आठ दिवस आहेत. टारांगिरे, मन्यारा, गोरोंगोरो, सेरेंगेटी आणि शेवटी झांझिबार. बसेल ना?" बसतं हो. चार जंगलं आणि एक बेट, कागदावर सगळंच बसतं.

दिवस मोजणं, रात्री न मोजणं

मुंबईहून किलिमांजारो विमानतळावर सहसा नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे यावं लागतं. येण्याचा दिवस गेला, परतीचा गेला, सफारीतून समुद्रावर जाण्याचा निम्मा गेला. आठ दिवसांच्या सुट्टीत मोकळे दिवस उरतात साडेपाच. म्हणून मी वेळापत्रक हातात आलं की आधी दिवस खोडते आणि रात्री लिहिते: कोणती रात्र, कोणत्या गावात. ज्या ठिकाणापुढे एकच रात्र पडते तिथे तुम्ही फक्त बॅग उघडता आणि बंद करता.

सेरेंगेटीला दोन रात्री, जाणं-येणं रस्त्याने

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि दर हंगामात कोणीतरी ती करतंच.

अरुशा, म्हणजे किलिमांजारो विमानतळाजवळचं शहर, ते सेरोनेरा, म्हणजे सेरेंगेटीचा मधला भाग, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पुणेकर लगेच म्हणतात, "हात्तिच्या, पुणे-बेळगाव! दुपारी जेवायला पोचू." करातू गावाच्या पुढे गोरोंगोरोच्या लोडुआरे गेटपर्यंत डांबर आहे, तोवर तसं वाटतंही. गेट ओलांडलं की कच्चा रस्ता, तोही पन्हाळी पत्र्यासारखा. दात वाजतात, बाटलीतलं पाणी तोंडापेक्षा शर्टावर जास्त जातं. सात-आठ तास धरा, पंक्चर वेगळं. त्यात हा रस्ता गोरोंगोरोच्या संरक्षित क्षेत्रातून जातो. तिथल्या जुन्या ज्वालामुखीच्या विवरात उतरा वा न उतरा, नुसतं ओलांडायचेही माणशी सत्तर डॉलर लागतात. तसेच परत आलात तर पुन्हा तेवढेच.

दुसरी गोष्ट तिकिटाची. सेरेंगेटीचं प्रवेश तिकीट 24 तासांच्या हिशेबावर चालतं. दोन दिवसांचे पैसे भरून दुपारी दोनला नाबी हिल गेटमधून आत गेलात, तर तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत बाहेर. उशीर झाला की जादा पैसे. म्हणजे "तीन दिवस सेरेंगेटी" असं छापलेल्या सहलीत प्रत्यक्ष पूर्ण दिवस एकच असतो, मधला.

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब ऑगस्टमध्ये आलं होतं. नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि आजी. त्यांच्या टूरवाल्याने झकास आखणी केली होती: पहाटे विमानातून उतरायचं, थेट सेरेंगेटी, दोन रात्री, तिसऱ्या दिवशी अरुशाला परत येऊन दुपारी चारच्या विमानाने झांझिबार. जाताना गोरोंगोरोच्या कड्यावर थांबले तर समोर पांढरं धुकं. जून ते ऑगस्टमध्ये तिथे सकाळी हे नेहमीचंच. विवर खाली कुठेतरी होतं म्हणे. सेरोनेराला पोचेपर्यंत आजींची कंबर गेली, दुसऱ्या दिवशी त्या तंबूतच पडून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघाले आणि सव्वासहाला रस्त्यालगतच्या खडकांवर सिंहीण दिसली, सोबत तीन बछडे. एक बछडा आईच्या शेपटीला धरून ओढतोय, ती नुसती कान हलवतेय. यासाठीच तर सगळा खटाटोप केलेला! मुलगा छतातून डोकं बाहेर काढून उभा, आणि ड्रायव्हर बिचारा सारखा घड्याळाकडे बघतोय. दहाव्या मिनिटाला त्याने गाडी काढली. मुलगा रडला. पुढे ओल्डुवायजवळ टायर गेला, चढावर एक ट्रक आडवा झालेला. अरुशाच्या विमानतळावर पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. संध्याकाळी मला फोन, "ताई, आता काय करायचं?" काय करणार? रात्र अरुशात, दुसऱ्या दिवसाची तिकिटं नव्या भावाने, आणि झांझिबारच्या दोन रात्रींतली एक गेली. हॉटेलने पैसे परत दिले नाहीत. का द्यावेत?

ड्रायव्हरचं चुकलं नाही, रस्त्याचंही नाही. तीन मिनिटांत बनवलेल्या वेळापत्रकात पंक्चरला जागा नव्हती.

मी स्वतः आखते तेव्हा अशी आखते: पहिली रात्र अरुशात, झोपायला. मग टारांगिरेला एक, करातूला एक, सकाळी विवरात उतरून तिथूनच पुढे, आणि सेरेंगेटीच्या आत तीन. रस्त्याने जायचं ते एकदाच, तेही तुकड्यातुकड्याने. बाहेर यायचं ते सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने, बहुतेक वेळा अरुशाला टेकून झांझिबार. महाग आहे का? आहे. पण गाडीचा एक अख्खा दिवस, डिझेल आणि गोरोंगोरोचं दुसरं तिकीट वजा करून बघा, मग बोला.

आणि या छोट्या विमानात सामान माणशी 15 किलो, हातातली पर्स धरून, तेही मऊ बॅगेत. कडक कवचाची चाकांची सूटकेस त्या पोटात शिरत नाही. "जड बॅग अरुशात ठेवू" म्हणाल तर तुम्ही अरुशा शहरात परत येणारच नाही आहात. चिवड्याचे डबे घरी ठेवा. प्लास्टिकच्या कॅरीबॅगाही, 2019 पासून इथे बंदी आहे.

"समुद्र काय, दोन रात्री पुरे"

हे कोकणातल्या माणसाने म्हणावं याचं मला नवल वाटतं. भरती-ओहोटी काय आपल्याकडे नसते?

झांझिबारचा पूर्व किनारा, पाजे, जांबियानी हा भाग, ओहोटीला पार उघडा पडतो. पाणी दूर खडकांच्या रांगेपर्यंत मागे जातं. उरते ओली वाळू, त्यात खुंट्या ठोकून दोऱ्यांवर समुद्री शेवाळ लावणाऱ्या बायका, आणि पायात काटा घुसवायला टपलेले समुद्री साळिंदर. बघायला सुंदर. पोहायला पाणी नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब जातं. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. दोन रात्री राहणाऱ्याच्या वाट्याला एकच पूर्ण दिवस येतो. त्या दिवशी ओहोटी नेमकी भर सकाळी आली, तर झालं. चार रात्री असल्या की कधीतरी वेळ जुळतेच.

म्हणून मी हॉटेलचे फोटो नंतर बघते, तिथी आधी. रात्री कमीच असतील तर उत्तरेला नुंग्वी किंवा केंद्वा घ्या, तिथे ओहोटीचा जाच बराच कमी. विमानतळापासून साठेक किलोमीटर, दीड तास. हा दीड तासही हिशेबात धरायचा असतो, कोणी धरत नाही. आणि शेवटची एक रात्र झांझिबारच्या जुन्या शहरात, स्टोन टाउनमध्ये ठेवा. गल्ल्या संध्याकाळी बघायच्या असतात, विमानतळावर जाता जाता अर्ध्या तासात नाही.

आणि आठच दिवस असतील तर?

सेरेंगेटी सोडा. लोक असे बघतात जणू मी त्यांचा पासपोर्ट फाडला. पण टारांगिरे आणि गोरोंगोरो मिळून चार रात्री आणि मग झांझिबार, ही सहल पोटभर होते. किंवा उत्तरेचा नादच सोडून दारहून छोट्या विमानाने न्येरेरे राष्ट्रीय उद्यान गाठा. जुन्या सेलूस अभयारण्याचाच हा भाग, 2019 साली वेगळा झाला. तिथे रुफिजी नदीत होडीतून पाणघोडे आणि मगरी दिसतात, आणि दिवस रस्त्यावर जात नाहीत. मिकुमी राष्ट्रीय उद्यान तर दारहून रस्त्यानेही होतं. "पण नाव सेरेंगेटीचं आहे ना," असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

उरलेल्या, पटापट

आधी समुद्र, मग सफारी: नको. वाळूत सैलावलेल्या अंगाने पहाटे पाचला उठवत नाही, आणि सफारीची धूळ अंगावर घेऊन मुंबईला जावं लागतं.

केनियातलं मसाई मारा आणि सेरेंगेटी एकाच फेरीत: नकाशावर खेटून आहेत, पण त्यांच्या मधली वाट पर्यटकांना बंद आहे. इसेबानियाच्या सीमानाक्यावरून वळसा, दुसऱ्या देशाची प्रवेश परवानगी, दुसरी गाडी. चौदा दिवस असतील तरच विचार करा.

मे महिन्याची सुट्टी: मार्च ते मे इथला मोठा पाऊस. कित्येक कॅम्प एप्रिल-मेमध्ये बंदच असतात. स्वस्त मिळतं ते याच कारणाने.

मारा नदीवरची विल्डबीस्टची (मोठ्या शिंगाळ हरणासारख्या प्राण्यांच्या कळपांची) उडी: ती सेरोनेराला दिसत नाही. जुलै ते सप्टेंबरच्या सुमाराला उत्तरेला कोगातेंदेला जावं लागतं, म्हणजे आणखी दोन रात्री. जानेवारी-फेब्रुवारीत येत असाल तर कळप दक्षिणेला, न्दुतूकडे. दोन्ही टोकं एका सहलीत मागू नका.

पिवळ्या तापाची लस: केनिया किंवा इथिओपियामार्गे येत असाल तर लागू शकते; घ्यायची तर निघण्याच्या किमान 10 दिवस आधी. आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

झांझिबारहून फेरीने दारला येऊन त्याच दिवशी परतीचं विमान: फेरी दोन तासांची असली तरी समुद्र खवळला की वेळापत्रक समुद्राचं. आदल्या दिवशी या.

झांझिबारचा विमा: ऑक्टोबर 2024 पासून परदेशी पाहुण्यांना तिथलाच विमा घ्यावा लागतो, मोठ्या माणसाला 44 डॉलर. दोन रात्री राहा की दहा, रक्कम तीच. भारतात काढलेला विमा दाखवून सुटका होत नाही.