आधी गावाची परवानगी, मग सहलीची तारीख

नाशिकहून पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवर पाहुण्यांचे छोटे गट नेण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. पर्यटनाची पदविका घेऊन या कामात येऊ पाहणारी मुले भेटतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा गाडी, मुक्काम आणि दर यांविषयी असतात. हे काम त्याच्या कितीतरी आधी, गावाकडे परवानगी मागण्यापासून सुरू होते, आणि ‘यंदा नको’ हे उत्तर मनापासून स्वीकारण्याची तयारी नसेल तर या कामात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरपंचांना फोन केला म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. पेठ आणि सुरगाणा हे तालुके आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेल्या अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठी केलेल्या १९९६च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे. म्हणून गट किती जणांचा आहे, ते काय पाहणार, कोठे राहणार आणि पैसे कोणाला मिळणार, हे गावासमोर बसून सांगावे. त्या बैठकीत बायका गप्प असतील, तर बचत गटाच्या महिलांशी वेगळे बोलावे, कारण स्वयंपाकाचा आणि पाण्याचा भार शेवटी त्यांच्यावरच येतो.

पाण्याचा मुद्दा मी विशेष आग्रहाने मांडतो. या पट्ट्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, परंतु उताराच्या कातळ जमिनीत तो मुरत नाही, आणि चैत्र-वैशाखात अनेक पाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. बोहाडा हा मुखवट्यांच्या सोंगांचा रात्रीचा उत्सव बघण्यासाठी शहरातून लोक येतात तेही नेमक्या याच दिवसांत. ज्या घरात डोक्यावरून हंडे आणून रांजण भरला जातो, त्या घरी पाहुण्यांनी अंघोळीसाठी दोन-दोन बादल्या मागणे हा अन्याय आहे. उन्हाळ्यात गट न्यायचाच असेल, तर पिण्याचे पाणी सोबत न्यावे आणि मुक्काम न करता रात्रीचा कार्यक्रम पाहून परतावे.

बोहाड्याला काही भागांत भवाडा म्हणतात. संबळाच्या तालावर देवादिकांची सोंगे नाचतात, आणि अनेक गावांत एकेका सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे असतो. एकदा एका पाहुण्याने छायाचित्रासाठी मुखवटा दिवसा अंगणात आणून दाखवण्याचा हट्ट धरला. घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी काही न बोलता मुखवट्यावरचे फडके नीट केले, त्याची गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि मुखवटा माळ्यावर ठेवून दिला. मार्गदर्शकाने अशा वेळी रदबदली करू नये. सोंग नाचते त्या रात्री ते पाहायला मिळते, आणि तेवढे पुरेसे आहे.

डोंगऱ्या देवाच्या उत्सवाबाबत मी याहून कडक आहे. मार्गशीर्षात कोकणा समाजातील भक्त व्रत धरतात, पावरीच्या सुरांवर रात्री जागवतात आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरावरच्या देवस्थानाकडे जातात. तेथे मी गट नेत नाही. गावाने स्वतःहून बोलावले तर एखाद-दुसऱ्या अभ्यासकाने जावे, परंतु अंगात देवाचे वारे आलेल्या माणसाचे चित्रीकरण कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्या अवस्थेत त्याची संमती घेणे शक्यच नसते.

नवोदितांनी शिकण्यासाठी आधी एकटे जावे, आणि तेही शक्यतो आवणीच्या दिवसांत. भातलावणी चालू असताना गावाला पाहुण्यांसाठी सवड नसते, आणि आपण कोणत्या महिन्यांत येऊ नये हे तेव्हाच नीट कळते. कोकणा समाजाची कोकणी बोली निदान समजण्याइतकी यायला हवी, नाहीतर आपल्यासमोरच व्यक्त झालेली नाराजी आपल्याला कळणार नाही.

पैशांचे व्यवहार उघड असावेत. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी रांधणाऱ्या घराचा मोबदला त्याच घराला, संबळ वाजवणाऱ्याचा त्याला आणि गावनिधीचा वाटा वेगळा, असे आधीच ठरवून सर्वांसमोर लिहून काढावे. पाहुण्यांकडून आपण एकूण किती घेतले, हा आकडाही त्याच कागदावर असावा आणि त्याची एक प्रत गावाकडे ठेवावी. मुलांना खाऊ किंवा नोटा वाटण्यास मी पाहुण्यांना निघतानाच मनाई करतो. काही द्यायचे असेल, तर शाळेला काय हवे आहे ते शिक्षकांना विचारून पुढच्या फेरीत न्यावे.