कळसूबाई एका दिवसात: उतरायच्या वेळेपासून उलटा प्लॅन करा

"कळसूबाईला जायचंय, किती वाजता निघू?" हा प्रश्न दर थंडीत कोणी ना कोणी विचारतंच आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी खाली किती वाजता परत यायचंय ते सांग. कारण शिखरावर पोचलं की अर्धाच ट्रेक झालेला असतो आणि जास्त पाय घसरतात, गुडघे दुखतात, अंधार होतो तो उरलेल्या अर्ध्यात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरचा शेवट होता, पुण्यातून निघायलाच साडेसहा वाजले, वाटेत नाष्टा, चहा, परत चहा असं करत बारी गावात साडेअकरा, आणि वर पोचलो साडेतीनला. खूप भारी वाटलं, फोटो काढले, डबे उघडले. खालची शिडी उतरेपर्यंत सूर्य गेला होता, सहा जणांत मिळून एकाच मोबाईलचा टॉर्च चालू होता आणि माझ्या मामेबहिणीचा गुडघा धरला होता. शेवटचा दीड तास ती बसत बसत उतरली आणि आम्ही प्रत्येक दगड तिला हाताने चाचपून दाखवत होतो. त्या रात्रीनंतर मी प्लॅन करायची पद्धतच बदलली, तीच इथे सांगतो.

आधी डोंगर समजून घ्या. कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, अकोले तालुक्यात, आणि सगळा परिसर कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नेहमीची वाट बारी गावातून. बारी स्वतःच बऱ्यापैकी उंचावर आहे तरी तिथून आठशे मीटरच्या वर चढाई उरते. आता वेळेचा हिशोब. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला होता, सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. तो ठणठणीत, सवयीच्या माणसासाठी आहे. ऑफिसात बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी मी तासाला 300 मीटर चढाई धरतो आणि वर दम खायचे थांबे, म्हणजे बारीपासून माथा साडेतीन ते चार तास. उतरायला अडीच ते तीन.

मग आता उलटं मोजा. डिसेंबरात इकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मला खाली दोन-अडीचपर्यंत यायचंय, म्हणजे काही अडलं तरी हातात तीन-साडेतीन तास उजेड राहतो आणि घाटातली गाडी उजेडात चालवता येते. त्यासाठी साडेअकराला माथा सोडायचा, साडेदहाला पोचायचं, म्हणजे साडेसहाला बारीतून निघायचं, तेव्हा नुकतं फटफटत असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बारा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. हे आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून ठरवा. वर गेल्यावर ठरवायला गेलात तर "अरे इतकंच तर राहिलंय" म्हणणारा एक जण असतोच आणि त्याचंच ऐकलं जातं.

साडेसहाला बारीत असायचं तर आदल्या रात्रीचा विचार करायला लागतो. मुंबईकर रात्री उशिराची कसारा लोकल पकडतात आणि स्टेशनबाहेरून जीप करतात, इगतपुरी, घोटी करत साधारण दीड तासात बारी. जीप आधी फोनवर ठरवून ठेवा आणि परतीचंही तेव्हाच बोलून घ्या, एसटी आहे पण गाड्या मोजक्याच. पुण्याकडून नाशिक हायवेने संगमनेर, मग अकोले, राजूर, भंडारदरा असं येता येतं. मला विचाराल तर आदल्या संध्याकाळीच येऊन बारीत किंवा भंडारद्याला मुक्काम करा. रात्रभर प्रवास, डोळ्याला डोळा नाही आणि पहाटे चढाई, हे तरुणपणी जमतं पण उतरताना झोप नसलेले पायच दगा देतात. गावात घरगुती जेवणाची सोय होते, फक्त किती माणसं ते आधी सांगा. रोख सुटे पैसे ठेवा, पार्किंग, प्रवेश, जेवण सगळ्याला लागतात.

दिवस कुठला निवडायचा? जमलं तर मधला वार. शनिवार-रविवारी शिड्यांवर लाईन लागते, चढणारे आणि उतरणारे एकाच जागी अडकतात आणि तुमचा सगळा हिशोब तासाभराने कोलमडतो. नवरात्रात तर देवीची जत्रा असते, तेव्हा दर्शनाला जायचं म्हणूनच जा, ट्रेक म्हणून नको. सीझन म्हणाल तर सप्टेंबरचा शेवट सुंदर, उतारांवर सोनकी फुललेली असते, मात्र कातळ अजून ओला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं. मार्चनंतर ऊन भाजून काढतं, तेव्हा पहाटे चारला निघून नऊच्या आत माथ्यावर पोचा. भर पावसात वर काहीच दिसत नाही, वारा उभं राहू देत नाही, पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हा जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. आणि वळवाचे ढग किंवा ऑक्टोबरातले दुपारचे काळे ढग जमायला लागले की लगेच खाली सुटा, उघडा माथा, लोखंडी शिड्या आणि वीज हे एकत्र नकोच. शिड्यांपर्यंत पोचायच्या आधीच गडगडायला लागलं तर शिडीला हात न लावता तिथूनच मागे फिरा.

बॅगेत काय? माणशी तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात चार. वाटेत लिंबू सरबताच्या टपऱ्या असतात आणि शेवटच्या शिडीखाली विहीर पण आहे, पण मधल्या वारी टपऱ्या उघड्या असतील आणि विहिरीला पाणी असेलच असं धरून चालू नका. मीठ-साखरेची पाकिटं, खजूर, चिक्की, दशम्या किंवा पराठे, पटकन खाता येईल असं काहीतरी. प्रत्येकाकडे स्वतःचा डोक्याला लावायचा टॉर्च, मोबाईलचा धरत नाही मी, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. पातळ विंडचीटर घ्याच. दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री तापमान कमी होतं, म्हणजे बारीपेक्षा वर पाच-एक डिग्री कमी आणि वरून वारा, घामेजलेला टीशर्ट पाच मिनिटांत गार पडतो. बूट वापरलेले हवेत, नवे कोरे नकोत. क्रेप बँडेज आणि नेहमीची औषधं. बास, याहून जास्त ओझं नको.

घरच्या एका माणसाला लिहून मेसेज करा, कुठल्या वाटेने चाललोय, कोण कोण आहे, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. वाटेत रेंज येते-जाते म्हणून हे निघायच्या आधीच. अडचणीला 112.

आता प्रत्यक्ष चालायचं. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू, बोलताना धाप लागत असेल तर स्पीड जास्त आहे असं समजा. ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाला पुढे ठेवा, मागे ठेवलंत तर तो पोचतो तेव्हाच बाकीचे विश्रांती संपवून उठतात आणि त्याला बसायलाच मिळत नाही. गावाच्या वर पायथ्याला देवीचं एक देऊळ आहे, ज्यांना वर जमत नाही ते इथेच दर्शन घेतात. बरोबर आई-वडील असतील तर इथपर्यंत आणून त्यांना गावात थांबवणं हा पण चांगला प्लॅन आहे.

कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. सकाळी त्या दवाने ओल्या असतात, पायरीच्या कडेला हात लावलात की बोटांना गंज आणि पाणी लागतं. एका वेळी एकच पाय किंवा एकच हात हलवायचा, बाकी तीन टेकलेले. पुढच्याच्या अगदी टाचेला चिकटून चढू नका. उभ्या शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. काठ्या बॅगेला नीट बांधा, बाहेर आलेलं टोक मागच्याच्या डोळ्याशी येतं. हातात खायचं काही धरू नका, माकडं झडप घालतात.

माथ्यावर छोटंसं देऊळ. कळसू नावाची कोळ्याची मुलगी होती, केर काढणार नाही नि भांडी घासणार नाही या अटीवर ती एका घरी राहिली, अट मोडली तशी ती उठून या डोंगरावर आली आणि इथलीच झाली, असं गावातली माणसं सांगतात. म्हणून चपला बाहेर काढा, देवळामागे कचरा टाकू नका, तिच्याच दारात केर करणं बरं दिसत नाही. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग, खाली भंडारद्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड. हे बघायला पाऊण-एक तास ठेवा. मग घड्याळ बघा आणि उठा.

उतरताना बुटाच्या लेस परत घट्ट बांधा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतात. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, उड्या नाहीत. सुट्या खडीवर पाऊल आडवं टाका. अर्ध्या वाटेत दहा मिनिटं थांबून उरलेलं पाणी प्या, नुसतं खाली नेण्यासाठी वाहून नेऊ नका. बारीत पोचलात की आधी घरी फोन, मग पिठलं-भाकरी. आणि ड्रायव्हरला जेवल्यावर अर्धा तास पाठ टेकू द्या, दोनला खाली आलात तर तेवढा वेळ असतो हातात.