गुलमोहराची पाचवी पाकळी: वनस्पतिचित्र काढताना या चुका टाळा

वनस्पतिचित्रं सुरू केल्यावर पहिल्याच मे महिन्यात मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये बसून गुलमोहर काढला, तेव्हा त्याच्या पाचही पाकळ्या सारख्या लाल रंगवल्या. घरी येऊन खाली पडलेलं फूल उलगडलं, तर चार लाल, आणि पाचवी उभी, पांढरट-पिवळी, तांबड्या ठिपक्यांची! झाड लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून मी फुलाकडे बघितलंच नव्हतं.

बोगनवेलीत तर सगळेच फसतात. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरी फुलं म्हणजे त्यांच्यामधल्या तीन बारीक पांढरट नळ्या. पांढऱ्या चाफ्याच्या पाकळ्या एकाच दिशेनं एकमेकींवर चढतात, एक जरी उलटी गेली तरी फूल खोटं दिसतं. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, हा चाफा मध्य अमेरिकेकडचा. परदेशी झाडं काढायला नागपूर सोडायची गरज नाही.

इंग्रज चित्रकार मेरिअॅन नॉर्थ मात्र झाडं रंगवायला जगभर निघाली. १८७६ साली बोर्निओत तिनं एक घटपर्णी, म्हणजे घड्यासारख्या पानांत कीटक पकडणारी वनस्पती, रंगवली. ते चित्र पाहून ही जात शास्त्राला नवी असल्याचं कळलं, आणि तिला नॉर्थचंच नाव मिळालं. चित्र अंदाजानं काढलं असतं तर? पण तिची नक्कल करताना एक भान ठेवा. ती तैलरंगात, मागच्या परिसरासकट रंगवायची. पांढऱ्या कागदावरचा एकटा नमुना हा वेगळा प्रकार आहे. दोन्ही एकाच कागदावर आणलं की नुसता गोंधळ होतो.

आता उन्हाचं. दुपारी जलरंगाचा हात फिरवायच्या आत कागद कोरडा, कडा करकरीत. पहाटे सहाला बसा. तोडलेली फांदी लगेच मान टाकते, तेव्हा आधी फूल, मग पानं, देठ शेवटी. फांदीच्या तोडलेल्या टोकाला ओला रुमाल गुंडाळायला विसरू नका. घरी कूलरसमोर बसलात तर उलटाच त्रास: दमट वाऱ्यानं कागद फुगतो. कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बोर्डाला चिकटवा, कूलरचं तोंड दुसरीकडे करा.

मोबाइलच्या फोटोवरून रंग घेऊ नका. भडक लाल फोटोत एकसंध होतो आणि पाचव्या पाकळीचे ठिपके त्यातच बुडतात. माप मात्र कंपासपेटीतल्या कर्कटकानं घ्या, पेन्सिल डोळ्यासमोर धरून नव्हे.