सारखं घड्याळ बघायची सवय कशी मोडावी

"घड्याळ काढून ठेव" हा सल्ला मला सगळ्यांनी दिला, आणि मी तो पाळलाही. मग हात मनगटाऐवजी खिशाकडे जायला लागला. वेळ बघायला मोबाइल काढायचा, समोर मेसेज दिसायचे, आणि पाच मिनिटांनी मोबाइल परत खिशात जायचा तेव्हाही किती वाजले ते कळलेलं नसायचं. म्हणून माझं ठाम मत आहे की काट्यांचं साधं घड्याळ हातात राहू द्या. मोडायची आहे ती सारखं बघायची सवय.

आधी एक दिवस फक्त लक्ष ठेवा. घड्याळ बघून झालं की मनगट उलटं करा आणि आत्ता किती वाजले होते ते स्वतःला विचारा. बऱ्याचदा सांगता येणार नाही. कारण आपल्याला वेळ नको असते, "अजून किती उरलंय?" याचं उत्तर हवं असतं, आणि ते मिळालं की आकडा विसरला जातो.

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बंद करता येत असेल तर करा, नाहीतर त्यावर कागदाची पट्टी चिकटवा. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाठीमागे न्या.

आता खरी अवघड पायरी: वेळेची राखण गजराकडे सोपवायची आणि त्याच्यावर विसंबायचं. गजर लावणं सोपं आहे, विसंबणं नाही. पाचला निघायचं असेल तर फक्त पाचचा गजर लावू नका, दोन लावा. एक चार-चाळीसचा, आवरायला लागण्यासाठी, आणि दुसरा निघण्याचा. मी एकदा दुपारऐवजी पहाटेचे चार लावले आणि एका महत्त्वाच्या भेटीला अर्धा तास उशिरा पोचलो. त्यानंतर कित्येक महिने गजर लावूनही मी दर पाच मिनिटांनी तो चालू आहे ना ते बघायचो. सावध राहा, ही तीच सवय आहे, फक्त वेश बदललेला. स्क्रीन उजळली की वेळ दिसतेच. म्हणून मोबाइलचं घड्याळ २४ तासांचं करा, गजर लावल्यावर "सोळा-चाळीस" असं एकदाच मोठ्यानं म्हणा, आणि मोबाइल आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर, पण हाताला लागणार नाही असा पालथा ठेवा.

तरी जीव टांगणीला लागणारच. हात आपोआप उठेल. उठला तर उठू दे, अर्ध्यातून खाली आणा आणि अंदाज बांधा: "चार-दहा झाले असतील." तो बरोबर आहे का ते मात्र बघायचं नाही. मला इथंच सगळ्यात जड गेलं, कारण पडताळून बघायची ओढ वेळ बघण्याच्या ओढीपेक्षाही तीव्र असते. गजर वाजेपर्यंत कळ काढा, मगच अंदाज किती चुकला ते बघा. कामात बुडालेले असाल तर वेळ वाटला त्यापेक्षा जास्त गेलेला असतो, वाट बघत असाल तर कमी. वेळेकडे जितकं लक्ष, तितकी ती लांबते. सेकंदकाट्यावर झटकन नजर टाका, पहिला ठोका अडकून पडल्यासारखा वाटतो. तो डोळ्यांना होणारा भास आहे.

सुरुवात वीस मिनिटांपासून करा, आणि गाडी पकडायची असेल त्या दिवशी मुळीच करू नका. मनगटात रबर घालून स्वतःला चटके देण्याचा सल्ला ऐकू नका. त्यानं लक्ष पुन्हा मनगटावरच जातं.

रात्री जाग आली तर घड्याळ बघायचंच नाही. "अजून साडेतीन तास" हा हिशेब सुरू झाला की झोप उडते. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करून ठेवा.

"२१ दिवसांत सवय लागते" हेही खरं मानू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादी खेप चुकली तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. मला चार महिने लागले. घड्याळ न बघितल्यानं छातीत धडधड होत असेल, काम सुचत नसेल, तर मात्र डॉक्टरांशी बोला.

शेवटची पायरी माणसांसमोरची. माझी मुलगी बोलता बोलता थांबायची आणि विचारायची, "बाबा, तुला जायचंय का?" मला कुठंच जायचं नसायचं. आता बसतानाच सांगतो, "मला सहाला उठायचंय, गजर लावलाय," आणि मोबाइल पिशवीत टाकतो. मग ती सहापर्यंत बोलते.